कारंज्याचे कठडे

विश्रामगृह, खोली क्रमांक २
४ जुलै

तीर्थरूप मामा,

सुखरूप पोचले. खोली बरी आहे. पंखा फिरतो, वारा मात्र येत नाही. कामात असल्याचं दाखवायची कला त्याला इथंच साधली असावी.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामींना सांगितलेलं तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं भलतंच काही होतं, म्हणून हे पत्र. शिवाय आमच्या धंद्यात तोंडी उत्तर धरत नाहीत.

मामा, ज्या बांधकाम कार्यालयात तुम्ही नऊ वर्षं उपअभियंता होतात, त्याचेच हिशेब तपासायला तुमची भाची आली आहे. सहा आठवडे मुक्काम. तुम्हाला ओळखणारं कार्यालयात आता कुणी उरलेलं नाही. इथला खानसामा तेवढा म्हणाला, "ते साहेब? बाप रे. पाच मिनिटं उशीर झाला तरी लाल शाई." मी म्हटलं, ते माझे मामा. तेव्हापासून चहा वेळेवर येतो.

पहिल्याच आठवड्यात दोन गमती सापडल्या. तुमची करमणूक व्हावी म्हणून सांगते.

मालमत्तेच्या नोंदवहीत, पान एक्केचाळीसवर लिहिलंय: "विश्रामगृहासमोर शोभेचे कारंजे, एक नग." आता मी राहते त्याच विश्रामगृहात. समोर वाळकं गवत, सिमेंटची दोन बाकं आणि एक बांधलेली शेळी. खानसाम्याला विचारलं, कारंजं कुठाय?

"दुरुस्तीला गेलंय."

"कारंजं? दुरुस्तीला? कुठं गेलंय?"

"वरच्या कार्यालयात," म्हणाला आणि कप उचलून चालता झाला.

दुसरी गंमत याच्या उलट. बाजारामागच्या ओढ्यावर एक लोखंडी पादचारी पूल आहे. दिवसभर त्यावरून माणसं जातात येतात. इथल्या कनिष्ठ अभियंत्यानं गेल्या वर्षी त्याचे गंजलेले पत्रे बदलले, पावणेपाच लाख खर्च केला. आणि नोंदवहीत हा पूलच नाही! मंजुरी नाही, अंदाजपत्रक नाही, फाईल नाही. म्हणून मी आक्षेप काढला: "अस्तित्वात नसलेल्या पुलाच्या दुरुस्तीवर अनियमित खर्च." त्या आक्षेपाच्या झेरॉक्स काढायला मी त्याच पुलावरून गेले, कारण झेरॉक्सचं दुकान पलीकडे आहे.

तुमच्या वेळचं काही आठवतं का? पूल कुणी बांधला? कारंजं कधी गेलं?

मामींना नमस्कार. पथ्य पाळा.

तुमची भाची


९ जुलै

चिरंजीव शंकासूर हिस,

लहानपणी तू मला विचारायचीस, "मामा, शून्याला शून्यानं भागलं तर कुणाला काय मिळतं?" तेव्हाच मामी म्हणाली होती, ही पोरगी एक तर वकील होईल नाहीतर सासूला छळेल. तू लेखापरीक्षक झालीस. म्हणजे दोन्ही झालं.

पत्र वाचून आनंद झाला. आपलं कार्यालय अजून उभं आहे हेही कळलं.

आता तुझ्या दोन गमतींबद्दल. बाळ, अनुभवाचे बोल ऐक. कारंजी म्हणजे नाजूक प्रकरण. पाणी नसलं की बंद पडतात, बंद पडली की लोक दगड नेतात, दगड गेले की गवत उगवतं. त्यात आश्चर्य कसलं? एक नग कारंजं नाही सापडलं तर सरकार काही बुडत नाही. पुलाचं म्हणशील तर तो बहुधा लोकवर्गणीतून झाला असेल. पूर्वी लोक फार उत्साही होते. मला नक्की आठवत नाही. वयानं स्मरणशक्तीवर परिणाम होतो.

त्यापेक्षा तू जीपच्या डिझेलकडे बघ. लॉगबुक काढ. रविवारी जीप कुठं कुठं गेली, ते तपास. तिथं हमखास घबाड सापडतं. आमच्या वेळी एक जीप कागदावर एका दिवसात एवढी धावली होती, की तिला थांबून डिझेल भरायलाही वेळ नव्हता.

तो अभियंता कसा आहे? तरुण आहे का? त्याच्यावर वसुली वगैरे लावू नका. पत्रेच बदललेत बिचाऱ्यानं.

माझी तब्येत उत्तम. पथ्य मामी पाळते, ते बघून मलाही बरं वाटतं.

आशीर्वाद.

मामा


१६ जुलै

तीर्थरूप मामा,

जीपचं लॉगबुक बघितलं. रविवारी जीप देवळात जाते आणि कागदावर पूरपाहणी करते. चिल्लर आहे. तुम्ही मला लिमलेटची गोळी देऊन मोठ्या माणसांच्या बैठकीतून उठवताय, असं वाटलं.

कारंजं मात्र नाजूक बिजूक काही नाही. भलतंच दणकट निघालं. ऐका. ते बांधल्यावर तीन वर्षं कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही. मग, म्हणजे तुमची बदली झाल्यानंतर, कुण्या हुशार माणसाला नोंदवहीत ते दिसलं. तेव्हापासून सव्वीस वर्षं त्याची देखभाल चालू आहे. दरवर्षी रंग. तीनदा पंप बदलला. एकदा तर "कारंज्यात शेवाळ वाढल्याने" खास साफसफाई. आणि अकरा वर्षं त्याला रखवालदार आहे! त्याचा पत्ता काढला तर तो खानसाम्याचा जावई निघाला. गाठून विचारलं. म्हणाला, "बाई, मी रखवालदार आहे हे मला आजच कळतंय. पगार किती आहे?"

म्हणतात ना, मेल्या म्हशीला मणभर दूध. ही म्हैस तर जन्मलीच नव्हती बहुतेक. सगळी मिळून रक्कम बावीस लाखांच्या वर जाते. आणि मामा, कागदपत्रं इतकी चोख! प्रत्येक पावती जागेवर, प्रत्येक सही ठसठशीत. नियमाप्रमाणे मला त्यात बोट ठेवायला जागा नाही. कारंजं दिसत नाही, एवढाच काय तो दोष.

आणि जो पूल दिसतो, त्यावर खर्च करणाऱ्याची मान अडकली आहे. कनिष्ठ अभियंता काल माझ्यापुढे बसला होता. तिशीतला आहे, बोलताना शर्टाचं बटण पिळतो. म्हणाला, "मॅडम, गेल्या वर्षी दवाखान्यातल्या नर्सबाईंचा पाय पत्र्यातून आरपार गेला. सोळा टाके पडले. मी वरती तीनदा लिहिलं. वरून उत्तर आलं, असा पूल आपल्याकडे नाही. मग मी रस्तादुरुस्तीच्या पैशातून पत्रे घातले. दुसरं काय करायचं होतं?"

मी म्हटलं, "पूल कुणी बांधला ते शोधा. बांधणारा सापडला, तर नोंद घेता येईल. नोंद झाली, तर दुरुस्ती नियमात बसेल. कुणी बांधलाच नसेल तर मी नोंद कशाची घ्यायला सांगू?"

तो म्हणाला, "सापडला नाही तर?"

तर त्याच्या पगारातून वसुली. पाच वर्षं तरी. मी सांगितलं नाही. त्याला माहीत होतं.

लोकवर्गणीची चौकशी केली. पलीकडच्या वस्तीतले म्हातारे हसले. म्हणाले, "आमच्याकडे वर्गणी असती तर आम्ही इथं राहिलो असतो का?"

असो. आता दुसरं. मामींशी काल फोनवर बोलले. तुम्ही काय लपवताय ते मला सगळं कळलंय. इतकी वर्षं आम्हाला अंधारात ठेवलंत! रागावणार नाही, पण एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. या वयात असल्या गोष्टी अंगाशी येतात, मामा. खरं खरं लिहा.

भाची


२० जुलै

चिरंजीव शंकासूर हिस,

तुझं पत्र आलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. मामीनं तुला सांगितलं, याचं मला वाईट वाटलं, कारण मी तिला शपथ घातली होती. पण बायकोला घातलेली शपथ म्हणजे चाळणीत धरलेलं पाणी.

तुला कळलंच आहे तर एवढंच लिहितो. जे केलं ते स्वतःसाठी केलं नाही. त्यातला एक पैसा घरी आणला नाही. मामीला विचार, त्या वर्षी आमच्याकडे साधी नवी चादर आली नव्हती. आमच्या कार्यकारी अभियंत्यांना दोष देऊ नकोस, ते देवमाणूस होते, आता हयात नाहीत. त्यांनी डोळे मिटून सही केली, हे खरं. पण डोळे मिटायला मीच सांगितलं होतं.

यापुढं तुला जे योग्य वाटेल ते कर. माझ्याकडे बघू नकोस. फक्त तुझ्या आईला आत्ताच सांगू नकोस, ती रडेल आणि मग मला पत्र लिहील, आणि तिचं अक्षर वाचवत नाही.

मामा


२५ जुलै

मामा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. मामींनी मला तुमच्या कानाच्या यंत्राबद्दल सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही घेऊन दिलेलं यंत्र बिघडलंय असं तुम्ही सांगता, आणि ते मोज्यात गुंडाळून खणात ठेवलंय, एवढंच.

कानाच्या यंत्रातला एक पैसा तुम्ही घरी आणला नाहीत म्हणजे काय? त्यावर कार्यकारी अभियंत्यांनी सही कशाला केली?

आधी मी खूप हसले. मग हसू थांबलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आणि मी गेली चौदा वर्षं लोकांच्या मनातलं चांदणं बघूनच पोट भरते. पत्र घडी करून ठेवलं आणि अभिलेखकक्षात गेले.

कारंज्याच्या कामाचं मोजमाप पुस्तक मागवलं. इतके दिवस मागवलं नव्हतं, कारण कारंजं नाही हे डोळ्यांना दिसत होतं. मग मोजायचं काय? दोन तास शोधून खानेसुमारीच्या कागदांखाली सापडलं. साध्या भाषेत सांगायचं, तर काम जसं होत जातं तसं त्याचं माप जागेवर उभं राहून ज्या वहीत लिहितात, ती वही. त्या वहीत खोटं लिहिणं फार अवघड असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत.

त्यात तुम्ही खोटं लिहिलेलं नाही. फक्त पहिल्या पानावर "कारंजे" असं नाव घातलंय. आतलं सगळं खरं आहे. लोखंडी तुळया, प्रत्येकी साडेबावीस मीटर, दोन नग. दगडी आधार, दोन्ही तीरांवर. तीरांवर, मामा! कारंज्याला तीर! पत्रे अमुक, बोल्ट तमुक. आणि शेवटी: "दोन्ही बाजूंस कठडे, एकूण पंचेचाळीस मीटर."

कारंज्याला दोन्ही बाजूंनी कठडे. आणि हे सव्वीस वर्षांत एकाही लेखापरीक्षकानं उघडून वाचलं नाही. मीसुद्धा तुम्ही घाबरला नसतात तर वाचलं नसतं.

अक्षर तुमचं आहे. तुमचा सात ओळखायला मला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. माझ्या वह्यांना कव्हर घालून त्यावर तुम्हीच इयत्ता सातवी लिहिलं होतं.

संध्याकाळी पुलावर जाऊन टेप लावली. अभियंत्यानं दुसरं टोक धरलं. साडेबावीस. त्यानं विचारलं, "मॅडम, काय मोजताय?" मी म्हटलं, "कारंजं." तो बटण पिळत उभा राहिला.

यापुढचं मी भाची म्हणून विचारू शकत नाही. आमच्या वरिष्ठांना उद्याच कळवते, की संबंधित अधिकारी माझे सख्खे मामा आहेत आणि हे प्रकरण माझ्याकडून काढून घ्यावं. तोपर्यंतचा एक प्रश्न सोबतच्या कागदावर रीतसर विचारला आहे. अर्धसमास म्हणतात त्याला. तुम्ही आयुष्यात शेकडो बघितलेत. उजव्या अर्ध्यात प्रश्न, डावा अर्धा उत्तरासाठी कोरा.

हवं तर कोराच ठेवा. वसुली अभियंत्याकडून होईल, तुमच्याकडे कुणी वळून बघणार नाही. नियमांप्रमाणे तुम्ही आता इतके जुने आहात, की तुम्हाला हात लावता येत नाही. हे तुम्हाला कळवणं माझं काम नव्हतं, पण कळवलं.

भाची


(सोबतचा कागद. उजव्या अर्ध्यात टंकलिखित प्रश्न: "मंजूर काम कारंज्याचे असताना त्या निधीतून पादचारी पूल बांधण्याचे कारण काय? तपशीलवार खुलासा करावा." डाव्या अर्ध्यात, पुढे मागच्या बाजूवर आणि जोडलेल्या दोन पानांवर, निळ्या शाईत खालील मजकूर.)

२ ऑगस्ट

खुलासा सादर करतो तो असा.

आमच्या कार्यालयात एक शिपाई होता. ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहायचा. रोज उशीर. तीन उशिरांना एक रजा कापायचा नियम, आणि मी नियमाचा पक्का. एका महिन्यात मी त्याच्या पाच रजा कापल्या. तो एवढंच म्हणाला, "साहेब, एकदा माझ्याबरोबर घरी चला."

मला वाटलं, हा मला आजारी आई दाखवणार. गेलो. ओढ्याला पाणी होतं. पूल नव्हता. वरून शहराची पाण्याची पाईपलाईन गेली होती, तिच्यावरून लोक जात होते. चालत नव्हे, घोड्यावर बसल्यासारखे, दोन्हीकडे पाय सोडून सरकत. एक बाई शिवणयंत्राचं डोकं पाठीला बांधून सरकत होती. तिच्यामागं शाळेतल्या बाई, सातवा महिना असेल. मला बघून त्या मध्येच थांबल्या आणि पदर सारखा करायला लागल्या. पाईपवर. पाण्याच्या वर. साहेबासमोर पदर नीट असावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी पुलाचा प्रस्ताव पाठवला. परत आला: वस्तीची लोकसंख्या पाचशे हवी, चारशे एकोणनव्वद आहे. मी लिहिलं, शाळेतल्या बाई बाळंत झाल्यावर चारशे नव्वद होईल. त्यावर मला ताकीद मिळाली. आणखी तीनदा पाठवला. तीनदा परत.

त्याच वर्षी मोठे साहेब एका रात्रीसाठी विश्रामगृहात उतरणार असं ठरलं. त्यांना पाण्याचा आवाज आवडतो, असं कुणीतरी कुणाला सांगितलं. कारंज्याला नऊ दिवसांत मंजुरी आली. पैसेही आले. मग साहेबांचा दौरा रद्द झाला, पैसे मात्र राहिले. वर्ष संपायला बेचाळीस दिवस होते. नाही खर्चले तर परत जाणार.

मी कार्यकारी अभियंत्यांकडे गेलो. म्हटलं, साहेब, पाण्याचा आवाज ऐकायचाच असेल तर ओढ्यावर चांगला येतो. ते म्हणाले, "मी उद्यापासून रजेवर आहे. आल्यावर ज्या बिलावर कारंजं लिहिलं असेल, त्यावर मी सही करीन. दुसरं काही लिहिलं असेल तर करणार नाही."

एकेचाळिसाव्या दिवशी पूल झाला. उद्घाटन नाही, कोनशिला नाही. शिपाई दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं लवकर आला. मी त्याच्या कापलेल्या रजा परत दिल्या नाहीत. तसा नियम नव्हता.

इथपर्यंत लिहिताना मला लाज वाटत नाही. पुढचं लिहिताना वाटते.

एकोणतीस वर्षं मी मनातल्या मनात त्या पुलावर फुशारत होतो. एक खोटा शब्द लिहिला, त्यानं कुणाचं वाईट झालं नाही, असं समजत होतो. तू लिहिलंस की त्या एका शब्दाला सव्वीस वर्षं रंग लावला जातोय, त्याचा पंप बदलला जातोय. माझ्या खोटेपणाला रखवालदार ठेवलाय. मी चोरी केली नाही, पण चोरांना राहायला घर बांधून दिलं. बदली होताना नोंदवहीतलं ते एक नाव दुरुस्त करणं माझ्या हातात होतं. धीर झाला नाही. पूल बांधायला लागला त्यापेक्षा जास्त धीर त्याला लागला असता.

आणि आता त्या पोराच्या पगारातून कापायचं? ज्यानं पत्रे बदलले त्याच्या? नको.

पूल मी बांधला. कारंजं कधीच नव्हतं. माझ्यावर कारवाईची मुदत संपली असेल, तर ती मुदत मी सोडतो. तशी लेखी संमती सोबत जोडली आहे.

करिता सादर.

सेवानिवृत्त उपअभियंता


१४ सप्टेंबर

मामा,

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मला उत्तर द्यायची मनाई होती. प्रकरण माझ्याकडून काढून आमच्या वरिष्ठांनी स्वतःकडे घेतलं. तुमचा खुलासा त्यांनी माझ्यासमोर वाचला. पाईपलाईनच्या ठिकाणी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुमचे मामा असले म्हणून काय झालं, माणूस दोषी आहे." आणि थोड्या वेळानं, "दोषी आहे म्हणून बरं."

पण तुमचं दोषी असणं इतकं सोपं नाही. बांधकाम कार्यालयाचं काय उत्तर आलं, ते ऐका, पाठ झालंय मला: "नोंदवहीनुसार कारंजे अस्तित्वात असून त्याची देखभाल नियमित होत आहे. सबब कारंजे नसल्याबाबत सेवानिवृत्त अधिकाऱ्याचे म्हणणे अभिलेखाशी विसंगत व वार्धक्यजन्य वाटते."

तुम्ही गुन्हा कबूल करताय आणि खातं म्हणतंय, म्हाताऱ्याला भ्रम झालाय! कारंजं नाही असं मान्य केलं, तर बावीस लाखांचा रंग कुठं गेला ते सांगावं लागेल ना.

शेवटी वरिष्ठांनी संयुक्त पाहणी लावली. आठ अधिकारी विश्रामगृहासमोर उभे राहिले. कार्यालयप्रमुखांनी गवताकडे हात करून सांगितलं, "इथं होतं." वरिष्ठ म्हणाले, "गेल्याच वर्षीच्या रंगाचं बिल आहे. रंग तरी दाखवा." सगळे गवतात बघू लागले. खानसाम्याला विचारलं. त्याच्या जावयाच्या नावानं अकरा वर्षं पगार निघाला होता, आणि जावयाला चहासुद्धा मिळाला नव्हता. खानसाम्याच्या लेकीनं म्हणे आठवडाभर बापाला घरात घेतलं नव्हतं. तो एकदम भडकला. म्हणाला, "तीस वर्षं मी इथं आहे. या शेळीशिवाय इथं काही नव्हतं. आणि ही शेळीपण चौथी आहे."

मग सगळे ओढ्यावर गेले. वरिष्ठांनी तुमचं मोजमाप पुस्तक उघडलं आणि एकेक कलम मोठ्यानं वाचायला लागले. अभियंता टेप धरून मोजत गेला. तुळया बरोबर. आधार बरोबर. बोल्टसुद्धा मोजले, मामा. दोन जास्त निघाले. येणारी जाणारी माणसं थांबून ऐकत होती. एका बाईनं मला विचारलं, "पूल पाडताय का?" मी म्हटलं, "नाही, लिहून घेतायत." तिला पटलं नाही. ती पूल ओलांडेपर्यंत मागं वळून बघत होती.

अहवाल वर गेला आहे. तुमच्यावर कारवाई व्हावी, अशी शिफारस त्यात आहे. तुम्ही दोषी ठरलात, तरच पूल खरा ठरणार आणि अभियंता सुटणार. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणीतरी दोषी ठरावं म्हणून हात जोडून बसले आहे, आणि तो माझा मामा आहे. आईला सांगितलं. ती रडली. पत्र लिहिणार आहे, तयारीत राहा.

तुमचीच

भाची


११ फेब्रुवारी

चिरंजीव शंकासूर हिस,

आदेश काल आला. रजिस्टर्ड पोस्टानं, सही करून घेतला. मामीनं वाचून दाखवला. मला ऐकू आला, कारण मी यंत्र लावलं होतं. असल्या प्रसंगी माणसानं नीट ऐकावं.

निवृत्तिवेतनातून दहा टक्के, तीन वर्षं, पुलाच्या किमतीवरून हिशेब काढून. शिवाय "तीव्र नापसंती". अभियंत्यावरची वसुली रद्द. त्याचंही पत्र आलं, अक्षर चांगलं आहे, पण फार वेळा आभार मानतो. त्याला सांग, नोकरी अजून बरीच करायची आहे, जपून वापर. कारंज्याच्या रंगाबद्दल समिती नेमली आहे. दोघे निलंबित झाले आहेत आणि तिसऱ्याची चौकशी चालू आहे. तो समितीचा सचिव आहे.

पूल नोंदवहीत चढला, पान एक्केचाळीसवरच. जुनी नोंद खोडायची सोय नसल्यानं तिच्यापुढे कंसात लिहिलंय, असं कळलं. म्हणजे आता त्याचं नाव "शोभेचे कारंजे (पादचारी पूल)". असू दे.

तू मधे लिहिलं होतंस, तुमच्यावर आदेश निघाला तर वाईट वाटून घेऊ नका. बाळ, तुला एक सांगू? चौतीस वर्षं नोकरी केली. मी अमुक बांधलं असं सांगणारा एकही सरकारी कागद माझ्याकडे नव्हता. रस्ते झाले ते खात्याचे, इमारती झाल्या त्यांच्यावर मोठ्या माणसांच्या पाट्या. आणि या आदेशात, दुसऱ्याच परिच्छेदात, गोल शिक्क्यासह लिहिलंय: "सदर पूल आपणच बांधला, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे." मामीला मी ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो, शिक्षा आहे ती." मी म्हटलं, "असेल. पुढं वाच."

पुढं मात्र एक घोळ आहे. आदेशात पुलाची लांबी एकवीस मीटर छापली आहे. साडेबावीस आहे. तू मोजलीस, तुझ्या वरिष्ठांनी मोजली, माझ्या वहीत आहे. दीड मीटर गेला कुठं? हा कारकुनी हलगर्जीपणा मला चालायचा नाही.

मी अपील करतोय. मामी डोक्याला हात लावून बसली आहे. म्हणते, लोक शिक्षा कमी व्हावी म्हणून अपील करतात. लांबी वाढली तर किंमत वाढेल, किंमत वाढली तर कपातही वाढेल. तिचा हिशेब बरोबर आहे. दरमहा साधारण पावणेदोनशे जास्त जातील. मी काढून बघितलं.

अर्ज आजच टाकला. पोच मागितली आहे.

आशीर्वाद.

मामा